घरजीव राहतो कुठे?

माझ्या भाचीने एक शब्द तयार केला आहे : घरजीव. ‘पेट’ या इंग्रजी शब्दाला तिला मराठी शब्द हवा होता आणि ‘पाळीव प्राणी’ तिला नको होता. पाळीव म्हटले की मालक आला, मालक आला की साखळी आली, असे तिचे म्हणणे. साताऱ्याच्या तिच्या घरी दोन मांजरे आहेत आणि रस्त्यावरून उचलून आणलेला, मागचा एक पाय अधू असलेला कुत्रा आहे. हे तिघे घरातले जीव, म्हणून घरजीव. शब्द कानाला वाईट नाही. मला तो ऐकताच घरजावई आठवला आणि हसू आले, पण तो माझा दोष.

शब्द सुचला त्याच आठवड्यात तिने एका खुल्या ऑनलाइन ज्ञानकोशावर ‘घरजीव’ नावाचा लेख चढवला. त्यात व्याख्या होती, व्युत्पत्ती होती, ‘महाराष्ट्रात हा शब्द अलीकडे रूढ होत आहे’ असे एक धाडसी वाक्य होते आणि खिडकीत बसलेल्या बोक्याचा फोटो होता. तीन दिवसांत लेख काढला गेला. कारण एका ओळीत : संदर्भ नाही. मग मला फोन.

“मावशी, शब्द मीच केलाय, तर त्याला संदर्भ कुठून आणू? आणि संदर्भ नाही म्हणून शब्द घेणार नसतील, तर मराठीत नवा शब्द येणार तरी कसा?”

तिला वाटले, प्रश्न बिनतोड आहे. मी मात्र तो लेख काढणाऱ्या अनोळखी माणसाच्या बाजूची आहे, आणि हे तिला फोनवर धड सांगता आले नाही म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

‘नवा शब्द येणार तरी कसा’ या प्रश्नात एक गृहीत लपले आहे, की शब्द भाषेत येतो तो कोशाच्या दारातून. मराठीत असे कधी झाले आहे? शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, फारशी शब्दांना सुमारे चौदाशे संस्कृत प्रतिशब्द सुचवले गेले, मागे प्रत्यक्ष छत्रपतींची इच्छा होती. तरीही फौज फौजच राहिली, किल्ल्यावरचा हवालदार हवालदारच राहिला. पेशव्याला पंतप्रधान म्हणायचे ठरले, पण पुढे पेशवाई संपेपर्यंत लोक पेशवेच म्हणत राहिले. पंतप्रधान हा शब्द वाट बघत बसला आणि स्वतंत्र भारतात दिल्लीतल्या पदासाठी मराठीला उपयोगी पडला. हिंदीने तिकडे प्रधानमंत्री घेतला. सावरकरांच्या नावावर असलेल्या शब्दांचेही तसेच. दिनांक आणि महापौर टिकले, कारण अर्जाच्या कोपऱ्यात आणि पालिकेच्या दारावर ते रोज लिहिले गेले. बोलपट काही वर्षे जोरात चालला, आणि सगळेच पट बोलू लागल्यावर वेगळे सांगायची गरज संपून मावळला.

आपल्या डोळ्यांदेखतची जोडी घ्या. संगणक रुजला, भ्रमणध्वनी रुजला नाही. दोन्ही संस्कृत वळणाचे, दोन्ही सरकारमान्य. फरक एवढाच की संगणक शाळेच्या वेळापत्रकात आणि क्लासच्या पाटीवर यंत्राच्या बरोबरीने आला, आणि मोबाइल मात्र रिक्षावाल्याच्या नि भाजीवाल्या मावशींच्या हातात आपले नाव घेऊनच पोचला. भ्रमणध्वनी मागून आला तोवर खुर्ची भरलेली होती. यात कोशाने कोणाला आत घेतले किंवा बाहेर ठेवले, याचा संबंध कुठे येतो?

आता नियमांकडे. उदाहरण विकिपीडियाचे घेते, कारण त्याचे नियम कोणालाही वाचता येतात. तिथे नव्या शब्दांबाबतचा निकष कडक आहे आणि त्यात एक बारीक मेख आहे, जी भाचीसारख्या अनेकांच्या ध्यानात येत नाही. एखादा शब्द चार ठिकाणी वापरलेला दाखवला की काम भागत नाही. त्या शब्दाबद्दल कोणी तिऱ्हाइताने काही लिहिलेले असावे लागते. वापर हा शब्दकोशाचा पुरावा. इंग्रजी विक्शनरी, म्हणजे विकिपीडियाच्या धर्तीचा खुला शब्दकोश, साधारणपणे तीन स्वतंत्र वापर मागते, तेही वर्षभराच्या काळात पसरलेले. ज्या भाषांत लिखित साधने कमी आहेत त्यांना एका वापरावरही सोडते. ज्ञानकोशाचा लेख मात्र वस्तूवर असतो, शब्दावर नसतो. मांजर हा प्राणी तिथे आहे. तिला मनी म्हणा, माऊ म्हणा, लेख एकच. घरजीव नावाची काही निराळी वस्तू जगात नाही, पाळीव प्राणीच आहेत, आणि त्यांचा लेख आधीच आहे. म्हणजे भाचीने नवा लेख लिहिला नव्हता, जुन्या घरावर नवी पाटी ठोकली होती.

तिचा पुढचा मुद्दा, की असा एखादा निरुपद्रवी शब्द घेतला तर बिघडते काय? आपण एरवी इतके सोवळे पाळतो कुठे?

बिघडते. प्राण्यांच्या नावाचेच उदाहरण आहे. २००८ साली अमेरिकेतला एक सतरा वर्षांचा विद्यार्थी ब्राझीलला फिरून आला. तिथल्या धबधब्याजवळ त्याने कोआटी पाहिले होते. हा लांब नाकाचा, रॅकूनच्या कुळातला प्राणी. त्याला ते आर्डवार्क वाटले होते. आर्डवार्क हा मुंग्या-वाळवी खाणारा प्राणी आफ्रिकेत असतो, ब्राझीलशी त्याचा काही संबंध नाही. ही आपली फजिती झाकायला म्हणा की गंमत म्हणून, त्याने इंग्रजी विकिपीडियावरच्या कोआटीच्या लेखात तीन-चार शब्द घुसडले : यालाच ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असेही म्हणतात. कोणी हटकले नाही. पुढच्या काही वर्षांत ब्रिटनमधल्या वृत्तपत्रांनी ते नाव छापले आणि विद्यापीठाने काढलेल्या पुस्तकातही ते गेले. मग विकिपीडियावर त्या नावाला संदर्भ हवा होता, तो त्या छापील मजकुराचाच मिळाला. २०१४ मध्ये हा घोळ उघड झाला तोवर ते नाव थोडेफार खरेच झाले होते, कारण लोक ते वापरत होते. या चक्राला व्यंगचित्रकार रँडल मन्रो याने २०११ मध्येच ‘सायटोजेनेसिस’ असे नाव दिले होते : आपणच पेरायचे, दुसऱ्याने उगवलेले तोडून आपल्याला दाखवायचे, आणि आपण म्हणायचे, बघा, पीक आहे.

इंग्रजीत हे सहा वर्षांनी का होईना पकडले गेले, कारण तिथे बघणारे डोळे पुष्कळ. छोट्या भाषेचे काय होते ते स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेला विचारावे. २०२०च्या ऑगस्टमध्ये कळले, की स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावरचे वीस हजारांहून जास्त लेख एकाच अमेरिकन मुलाने लिहिले होते, आणि त्याला ती भाषा येतच नव्हती. इंग्रजी वाक्यांत तो स्कॉट्स वाटतील असे शब्द बसवत गेला. द्वेषाने नव्हे, हौसेने. सुरुवात केली तेव्हा तो जेमतेम बारा वर्षांचा होता. वर्षानुवर्षे जगाला त्या भाषेचा नमुना म्हणून तेच दिसत राहिले. आपल्या मराठीची गत तितकी वाईट नाही, पण मराठीत इंटरनेटवर कायम टिकणारे, कोणीतरी तपासलेले लिखाण अजून बेताचेच आहे. तिथे एका ज्ञानकोशावर ‘रूढ होत आहे’ असे लिहिले की उद्या एखादा पत्रकार ते उचलतो, परवा निबंधात जाते, तेरवा यंत्रांना भाषा शिकवणारे ते गोळा करून नेतात. घरजीव हा शब्द खोटा नव्हता. ‘रूढ होत आहे’ हे वाक्य खोटे होते. भाचीला हे सांगितले तेव्हा ती थोडी गप्प झाली, मग म्हणाली, “होणार होता ना पण.”

होणार होता की नाही, हे एका कुत्र्याच्या नावावरून पाहू. लॅब्राडूडल. ऑस्ट्रेलियातल्या रॉयल गाइड डॉग्ज संस्थेत वॅली कॉनरन नावाचे प्रजनन-व्यवस्थापक होते. हवाई बेटांवरच्या एका अंध बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता आणि त्यांच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी. कॉनरननी १९८०च्या दशकाच्या अखेरीस लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्ले झाली. त्यांना घरी ठेवून माणसाळवायला कुटुंबे हवी होती, पण यादीत नाव लावून बसलेल्यांपैकी कोणालाही संकरित पिल्लू नको होते. तेव्हा कॉनरन प्रसिद्धी विभागात गेले आणि म्हणाले, सांगा वर्तमानपत्रांना की आम्ही नवा कुत्रा तयार केला आहे, लॅब्राडूडल. फोन खणखणू लागले. पिल्ले तीच होती.

गंमत अशी, की हा शब्द कॉनरननी पहिल्यांदा जुळवलेलाच नव्हता. वेगाचे विक्रम करणारा ब्रिटिश डोनल्ड कॅम्पबेल याने १९५५ मध्येच आपल्या अशाच संकरित कुत्र्याला लॅब्राडूडल म्हटले होते, आणि छापील म्हटले होते. तीस-पस्तीस वर्षे तो शब्द पुस्तकात पडून राहिला. छापलेला असून मेल्यात जमा. मग एका माणसाला गरज पडली, लोकांना तो तोंडात बसला, आणि चालला. इतका चालला, की २०१९ मध्ये कॉनरननी आपल्याला या सगळ्याचा पश्चात्ताप होतो असे उघड सांगितले, कारण त्या नावाच्या जोरावर लोकांनी वाटेल तसे संकर करून बाजार मांडला होता. शब्दात एवढी ताकद असते, हे भाचीचे म्हणणे मला मान्यच आहे. म्हणून तर दारावर राखणदार हवा.

इथवर माझी बाजू सोपी आहे. अवघड जागा पुढे आहे.

आपल्याकडचा गावठी कुत्रा, टोकदार कानांचा, वळलेल्या शेपटीचा, त्याचा लेख इंग्रजी विकिपीडियावर ‘इंडियन पारिया डॉग’ या नावाने आहे. पारिया हा शब्द तमिळनाडूतल्या परैयर जातीच्या नावावरून इंग्रजीत गेला. परै म्हणजे डफासारखे वाद्य. ते वाजवणाऱ्यांचे नाव इंग्रजांनी आधी बहिष्कृत माणसासाठी वापरले आणि मग कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या कुत्र्यासाठी. १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात ‘पाय’ (Pye) अशी नोंद आहे : गोऱ्या शिपायांनी पारिया कुत्र्यासाठी केलेले लाडके लघुरूप. एका जातीचे नाव कुत्र्याला, आणि ते ज्ञानकोशाच्या मथळ्यावर, आजही. याला पर्याय म्हणून काही प्राणिप्रेमींनी ‘इंडॉग’ हा शब्द तयार केला. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत ‘आमचा इंडी आहे’ असे कौतुकाने म्हणतात. इथे नवा शब्द हौसेचा नाही, न्यायाचा आहे. मग इथेही ज्ञानकोशाने ‘संदर्भ आणा’ म्हणत बसायचे?

मी यावर बरेच दिवस विचार केला आणि उत्तर हो असेच येते, थोडे तोंड वाकडे करून. इंडॉग हा शब्द त्या लेखात पर्यायी नाव म्हणून नोंदलेला आहे, कारण त्याबद्दल लिहिले-बोलले गेले. मथळा बदलायचा तर पशुवैद्यकांच्या लिखाणात, पालिकेच्या कागदांत, बातम्यांत तो शब्द अधिक दिसला पाहिजे. ते झाले की मथळा बदलणे ही कारकुनी उरते. ते होण्याआधी मथळा बदलला, तर उद्या दुसरा गट तिसरे नाव घेऊन येईल आणि त्यालाही न्यायाचीच बाजू असेल.

असे गट आहेतच. २००१च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत रस्त्यावरचे कुत्रे आणि पाळलेले कुत्रे असे दोन भाग होते. २०२३च्या नव्या नियमांत ‘कम्युनिटी ॲनिमल’ ही संज्ञा आली : वस्तीत जन्मलेला, ज्यावर कोणी मालकी सांगितलेली नाही असा प्राणी. २०२५च्या ऑगस्टमध्ये दिल्ली परिसरातल्या कुत्र्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ११ तारखेला आदेश दिला आणि २२ तारखेला तो बदलला. त्या अकरा दिवसांत ज्याच्या तोंडी ‘कम्युनिटी’ होते त्याची बाजू कळत होती आणि ज्याच्या तोंडी ‘मोकाट’ होते त्याचीही. मराठी वर्तमानपत्रे ‘भटकी कुत्री’ लिहितात. खरे तर त्या कुत्र्यांइतके न भटकणारे कोणी नसेल. आमच्या गल्लीतला काळू कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबापलीकडे गेलेला मी बघितलेला नाही. पण म्हणून ज्ञानकोशाने स्वतःच्या मनाने ‘गल्लीकर’ असा शब्द काढून भांडण मिटवावे का? तो पंच असतो, तिसरा संघ नसतो.

एका बाबतीत मात्र मी राखणदाराशी भांडायला तयार आहे. पुरावा म्हणजे काय, हे ठरवताना त्याची नजर फार आखूड पडते. बातमीची लिंक असेल तर पुरावा, नसेल तर नाही, असे चालते. प्राण्यांबाबतची आपली भाषा बातमीत नाहीच. बातमीत श्वान असतो : श्वानदंश, श्वानपथक, श्वानप्रेमी. कोणत्या घरात ‘श्वानाला पोळी टाक’ म्हणतात? म्हशीच्या पिल्लाला पारडू म्हणतात आणि कुठे रेडकू, गाईच्या पाडीला कालवड आणि पाड्याला गोऱ्हा, घोड्याचे शिंगरू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू. बोक्याची जोडीदार भाटी, हे आम्ही शाळेत व्याकरणात घोकले. आता मांजर पाळणाऱ्यांनाही तो शब्द माहीत नसतो. कुत्र्याला बोलवायचे ‘यू यू’ वेगळे, अंगावर घालायचे ‘छू’ वेगळे आणि हाकलायचे ‘हाड्’ वेगळे. या हाडमधूनच माणसांची हाडहूड आली. यातले पुष्कळसे मोल्सवर्थच्या आणि दाते-कर्व्यांच्या कोशांत सापडेल, काही जिल्ह्याजिल्ह्यांतले सापडणारही नाही, आणि लिंक तर कशाचीच नसेल.

यावर काम झालेले आहे. २०११ मध्ये संशोधक अचल प्रभला यांच्या पुढाकाराने आणि विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या पाठबळाने भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत एक प्रयोग झाला : मलयाळम, हिंदी आणि सेपेडी भाषकांची बोलणी ध्वनिमुद्रित करायची आणि ती संदर्भ म्हणून धरायची. त्यावर वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता, कारण बोलणाऱ्याचे खरे कशावरून हा प्रश्न उरतोच. पण दिशा योग्य होती. आमच्या गावच्या मेंढपाळाने करडाच्या दातांवरून वय सांगताना वापरलेला शब्द आणि भाचीला मंगळवारी सुचलेला शब्द, या दोघांनाही ‘संदर्भ नाही’ असे एकच उत्तर मिळावे हे मला पटत नाही. पहिल्याला शेकडो तोंडांचा आधार आहे, फक्त कागद नाही. दुसऱ्याला दोन्ही नाही. राखणदाराने हा फरक ओळखायला शिकावे, आणि मराठीपुरते तर आधी शिकावे.

‘पाळीव’ शब्दावरचा भाचीचा राग मला अजून कळलेला नाही, हेही इथेच सांगून टाकते. पाळणे या क्रियापदात साखळी तिला कुठे दिसली? आपण शब्द पाळतो, वेळ पाळतो, सुतक पाळतो, पथ्य पाळतो. यात बांधून घेतलेला असतो तो पाळणारा. आईबाप पालक, मूल पाल्य, आणि कुत्रा पाळीव. एकाच घरातले शब्द आहेत. इंग्रजीत ‘ओनर’ सोडून ‘पेट पॅरेंट’ म्हणायला लागले, त्याचा केवढा गाजावाजा. मराठीत पालक आधीपासूनच बसलेला होता.

आणि शब्द रुजवायचे कसे याचा धडा त्याच विकिपीडियाच्या मराठी आवृत्तीत आहे. २००३ साली ती सुरू झाली. तिथे आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रामला, ज्याला इंग्रजीत बॉट म्हणतात, ‘सांगकाम्या’ म्हणतात. सांगितले तेवढेच करणारा, स्वतःचे डोके न चालवणारा. याहून नेमके नाव सुचणे कठीण. लिहून बघायच्या पानाला ‘धूळपाटी’, गप्पांच्या पानाला ‘चावडी’. जुन्याच शब्दांना नवे काम दिले आणि रोज त्या नावाने हाक मारली. ‘सांगकाम्या हा शब्द रूढ होत आहे’ असा लेख लिहिण्याची पाळी कोणावर आली नाही.

हे सगळे भाचीला एकदम सांगितले नाही. फोनवर फक्त म्हटले, की आधी वापरून बघ. तिने ते मनावर घेतले. ती जिथे सुट्टीच्या दिवशी मदतीला जाते त्या पशुवैद्यकांच्या दवाखान्यात लसीकरणाची कार्डे नव्याने छापायची होती. तिने डॉक्टरांना पटवून वरच्या ओळीत ‘घरजीवाचे नाव’ असे घालून घेतले. दोनशे कार्डे.

पहिल्याच रविवारी तिचा फोन. एका शिक्षिकेने काही न विचारता ‘घरजीवाचे नाव’ समोर ‘मोती’ लिहिले. भाचीचा आनंद गगनात मावत नव्हता. कंपाउंडर मात्र प्रत्येकाला “घरजावयाचं नाव सांगा” म्हणून हसवत होता. मग एक आजोबा बोकड घेऊन आले. कार्ड हातात घेऊन त्यांनी दोनदा वाचले.

“पोरी, हा घरात नसतो. गोठ्यात असतो. दिवाळीपर्यंतच ठेवायचाय. मग याचं काय लिहू?”

भाचीने डॉक्टरांकडे बघितले. डॉक्टरांनी पेन घेतले, ‘घरजीवाचे नाव’ यावर काट मारली आणि वर लिहिले, ‘बोकड, १’.